बास गिटार आणि फिल्टर पेडल

बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. पाच तारांच्या बासवर तो ३१ हर्ट्झपर्यंत खाली जातो. पण तार छेडली की हा मूळ स्वर एकटा वाजत नाही. त्याच्याबरोबर ८२, १२४, १६५ हर्ट्झ अशा पटीत चढत जाणारे उपस्वरही निघतात आणि बासचा आवाज खणखणीत वाटतो की गुबगुबीत, हे त्या उपस्वरांच्या प्रमाणावर ठरते. फिल्टर पेडलचे सगळे काम याच प्रमाणाशी असते. ते आवाजातला काही भाग कापते, काही भाग फुगवते आणि कापण्याची जागा वाजता वाजता वरखाली सरकवते. या सरकण्यातूनच ‘वाव’, ‘क्वॅक’ किंवा बुडबुड्यांसारखे ते ओळखीचे आवाज निघतात.

एकाच डबीत असे अनेक फिल्टर देणारी पेडल बासवादकाच्या हाती आली की तो आधी मॉडेल निवडायच्या नॉबशी खेळू लागतो. सगळी मॉडेल्स फिरवून झाली तरी मनासारखा आवाज सापडत नाही आणि पेडलवर ‘हे गिटारसाठीच बनवलेले आहे’ असा शिक्का बसतो. बहुतेक वेळा दोष मॉडेलचा नसतो. बासचा खर्ज कुठे हरवला आणि बोटांचा आघात पेडलपर्यंत किती पोचतो, हे दोन प्रश्न सुटले की निम्मी मॉडेल्स आपोआप उपयोगी पडू लागतात.

फिल्टरचे मुख्य प्रकार चार. लो-पास फिल्टर ठरावीक वारंवारतेच्या खालचे सगळे जाऊ देतो आणि वरचे कापतो. मर्यादेच्या या जागेला कटऑफ म्हणतात. हाय-पास याच्या उलट वागतो. बँड-पास मधला एक पट्टा ठेवून दोन्ही बाजू छाटतो आणि नॉच फिल्टर मधलाच पट्टा काढून टाकतो. बाससाठी लो-पास हा सर्वांत भरवशाचा, कारण त्यात मूळ स्वर शाबूत राहतो. बँड-पास गिटारवर बोलका वाटतो, पण बासवर तो घात करतो. त्याचा मध्य ५०० हर्ट्झवर असेल तर ४१ हर्ट्झचा स्वर त्याच्या साडेतीन सप्तकांहून अधिक खाली राहतो आणि साध्या दोन-पोल बँड-पासमध्येही तो २० डेसिबलहून जास्त दबतो. घरी एकट्याने वाजवताना हे जाणवत नाही, उलट आवाज झकास वाटतो. ड्रमसोबत वाजवताना मात्र बँडचा तळच निघून गेल्यासारखे होते. हाय-पासचेही तेच, तो मूळ आवाजात मिसळूनच वापरावा लागतो.

कापण्याचा उतारही महत्त्वाचा. दोन-पोल फिल्टरमध्ये कटऑफपलीकडे दर सप्तकाला १२ डेसिबल घट होते, चार-पोलमध्ये २४. मूग सिंथेसायझरचा प्रसिद्ध लॅडर फिल्टर चार-पोलचा आहे आणि त्याचा आवाज जाड, बंद, काहीसा तेलकट लागतो. मूगच्याच एमएफ-१०१ या फिल्टर पेडलवर दोन आणि चार पोल यांत बदल करणारी कळ आहे. फंकच्या उड्या मारणाऱ्या तालासाठी दोन-पोल मोकळा वाटतो, तर सिंथ-बासची नक्कल करायची असेल तर चार-पोल हवा.

कटऑफनंतरचा महत्त्वाचा नॉब क्यू किंवा रेझोनन्स. तो वाढवला की कटऑफच्या आसपासचा अरुंद पट्टा उंचावतो आणि सरकणे ठळक ऐकू येते. क्यू अगदी कमी असेल तर फिल्टर केवळ टोन कंट्रोलसारखा वागतो. फार वाढवला तर एखादा उपस्वर शिट्टीसारखा बाहेर येतो आणि बाकीचा आवाज पातळ होतो. बासवर याचा आणखी एक धोका आहे. कटऑफ १०० हर्ट्झच्या जवळपास खाली आणि क्यू चढलेला, अशा वेळी एखादाच स्वर अचानक दुप्पट जोराने घुमतो आणि स्पीकरचा कोन गरजेपेक्षा जास्त हलतो. छोट्या कॅबिनेटवर हा प्रयोग आवाज कमी ठेवूनच करावा. सुरुवात क्यू मध्यावर किंवा त्याच्या किंचित खाली ठेवून करणे बरे.

आता कटऑफ हलवायचा कोणी, हा प्रश्न. वा-वा पेडलमध्ये ते काम पाय करतो. ऑटो-वा किंवा एन्व्हलप फिल्टरमध्ये ते काम वादनाचा जोर करतो: तार जोरात छेडली की फिल्टर अधिक उघडतो, स्वर ओसरू लागला की मिटतो. एलएफओवर (लो-फ्रिक्वेन्सी ऑसिलेटरवर) चालणाऱ्या फिल्टरमध्ये ठरावीक गतीचा हेलकावा कटऑफला हलवत राहतो, वादक काहीही करो. सॅम्पल-अँड-होल्ड प्रकारात दर ठोक्याला कटऑफ यदृच्छेने नव्या जागी उडी मारतो. यातला शेवटचा प्रकार टॉम ओबरहाइम यांनी मॅस्ट्रो कंपनीसाठी रचलेल्या एफएसएच-१ या पेडलमुळे माहीत झाला.

एन्व्हलप फिल्टरच्या वंशावळीत पहिले नाव म्यूट्रॉन ३ चे घ्यावे लागते. माइक बीगल यांनी रचलेले हे पेडल म्यूझिट्रॉनिक्स कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणले. स्टीव्ही वंडर यांनी १९७३ च्या ‘हायर ग्राउंड’मध्ये ते क्लॅव्हिनेटवर वापरले. बासवर त्याला खरी प्रतिष्ठा दिली ती पार्लमेंट-फंकाडेलिकच्या बूट्सी कॉलिन्स यांनी. त्यांचे वादन ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते: फिल्टर भडक असूनही तालाच्या आवर्तनाचा पहिला ठोका कधी विरळ होत नाही. पुढे बीगल यांनीच इलेक्ट्रो-हार्मोनिक्ससाठी क्यू-ट्रॉन रचले आणि आज मिळणाऱ्या कित्येक एन्व्हलप फिल्टरांचे मूळ या दोन पेडलांत सापडते.

अनेक फिल्टर एकत्र देणाऱ्या पेडलांमध्ये लाइन ६ चे जांभळ्या रंगाचे एफएम४ हे ठळक उदाहरण आहे. त्याचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला असला, तरी जुन्या वस्तूंच्या बाजारात ते अजून दिसते. त्यात सोळा मॉडेल्स आहेत. ट्रॉन अप आणि ट्रॉन डाउन ही म्यूट्रॉन ३ वर बेतलेली, सीकर हे झेड-व्हेक्सच्या सीक-वा पेडलवर आणि ओबी-वा हे ओबरहाइमच्या फिल्टरवर. शिवाय ऑक्टिसिंथ, सिंथ-ओ-मॅटिक, अटॅक सिंथ अशी सिंथेसायझरची नक्कल करणारी मॉडेल्स. सगळ्यांसाठी नॉब मात्र तेच पाच: फ्रिक्वेन्सी, क्यू, स्पीड, मोड आणि मिक्स. मॉडेल बदलले की त्याच नॉबचा अर्थही थोडा बदलतो, म्हणून एका मॉडेलवर जमलेली मांडणी दुसऱ्यावर जशीच्या तशी चालत नाही. डिजिटल पेडलची आणखी एक खोड अशी, की साठवलेला आवाज पायाने निवडल्यावर नॉबची दिसणारी जागा आणि प्रत्यक्षातली किंमत यांचा मेळ राहत नाही. नॉब जरा हलवला की आवाज एकदम दुसरीकडे उडी मारतो. तालमीत सापडलेली मांडणी लगेच साठवावी आणि नॉबच्या जागा वहीत टिपून ठेवाव्यात. फोटो काढून ठेवला तरी चालेल, पण तो साठवण्याच्या आधी.

मांडणी करताना साखळीतली बाकीची पेडल बंद ठेवावीत, मिक्स पूर्ण फिल्टरच्या बाजूला करावा आणि लो-पास, वरच्या दिशेने उघडणारा मोड निवडावा. कटऑफ अगदी खाली आणावा, इतका की आवाज बंद खोलीतून आल्यासारखा वाटेल. मग सेन्सिटिव्हिटी हळूहळू वाढवत जावी. या नॉबला काही पेडलांवर गेन, रेंज किंवा थ्रेशोल्ड अशी नावे असतात. हळू वाजवलेल्या स्वरावर फिल्टर जेमतेम हलावा आणि जोरात वाजवलेल्या स्वरावर पूर्ण उघडावा, अशी जागा शोधायची. प्रत्येक स्वर पूर्ण उघडत असेल तर सेन्सिटिव्हिटी जास्त झाली. मग फिल्टर असून नसल्यासारखा. गाण्यात वादक जितक्या जोराने वाजवतो तितक्याच जोराने ही चाचणी घ्यावी. घरी बसून मवाळ हाताने केलेली मांडणी मंचावर हमखास फसते.

ही जागा वाद्यागणिक बदलते. ॲक्टिव्ह बासचा सिग्नल पॅसिव्हपेक्षा सहसा तगडा असतो, त्यामुळे वाद्य बदलले की सेन्सिटिव्हिटी पुन्हा लावावी लागते. बासवरचा व्हॉल्यूम नॉब थोडा खाली केला तरी फिल्टरचे उघडणे कमी होते. याचा उपयोग मुद्दामही करता येतो, कडव्यात व्हॉल्यूम थोडा खाली आणि ध्रुवपदात पूर्ण. तारांचाही भाग मोठा. नव्या राउंडवाउंड तारांत वरचे उपस्वर भरपूर असल्याने फिल्टरला कापायला काहीतरी मिळते. जुन्या किंवा फ्लॅटवाउंड तारांवर तेच पेडल मुके वाटते. ब्रिजकडचा पिकअप अधिक उपस्वर देतो, म्हणून फिल्टरपुरता तोल तिकडे झुकवणे फायद्याचे ठरते.

उघडण्याच्या दिशेबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ‘अप’ मोडमध्ये आघाताबरोबर कटऑफ वर जातो आणि स्वर विरताना खाली येतो. आघात चमकदार, शेपूट अंधारी. ‘डाउन’मध्ये आघाताबरोबर कटऑफ खाली जातो आणि स्वर विरत असताना पुन्हा वर चढतो. त्यामुळे सुरुवात गच्च, ठोक्यासारखी आणि मागून उघडत जाणारी लागते. रेगेच्या किंवा संथ चालीच्या बासला डाउन मोड विलक्षण शोभतो, पण त्याच्याकडे फार थोडे लोक वळतात. डाउनसाठी कटऑफची सुरुवात उंचावर ठेवावी लागते, एवढे विसरू नये. अपसाठी लावलेल्या जागेवर मोड फक्त उलटवला तर आवाज जवळजवळ नाहीसा होतो.

खर्ज राखायचा हमखास उपाय म्हणजे मूळ आवाज फिल्टरच्या आवाजात मिसळणे. मिक्सचा नॉब असेल तर तो निम्म्यावर आणून पाहावा. एमएक्सआरच्या बास एन्व्हलप फिल्टरवर मूळ आणि फिल्टर केलेल्या आवाजासाठी वेगवेगळे नॉब आहेत आणि बासवादकाला ही सोय इतर कशाहीपेक्षा जास्त लागते. पेडलवर मिक्स नसेल तर बॉसच्या एलएस-२ सारख्या लाइन सिलेक्टरने सिग्नलच्या दोन वाटा करता येतात: एका वाटेवर फिल्टर, दुसरीवर कोरा बास.

मिसळताना एक अडचण येते. फिल्टर कटऑफच्या आसपास सिग्नलची फेज फिरवतो आणि काही पेडल सिग्नल चक्क उलटा करून देतात. दोन वाटांवरचे खर्जाचे स्वर विरुद्ध फेजमध्ये भेटले तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मिसळूनही खर्ज वाढण्याऐवजी घटतो. डिजिटल पेडलात त्यावर प्रक्रियेच्या विलंबाची भर पडते. हा विलंब २ मिलिसेकंद धरला, तर कोऱ्या आवाजात मिसळताना २५० हर्ट्झवर आणि मग ७५० हर्ट्झवर खड्डे पडतात. पेडलच्या आतला मिक्स वापरला तर बहुधा हा प्रश्न येत नाही, कारण तिथे दोन्ही आवाज सारख्याच विलंबाने निघतात. बाहेर मिसळायचे असेल तर मोकळी ई तार वाजवत फेज उलटवण्याची कळ दोन्ही बाजूंना करून पाहावी. ज्या बाजूला पोटात जास्त जाणवते ती बरोबर.

साखळीतील क्रमाबाबत ठाम मते पुष्कळ ऐकू येतात, पण त्यांमागची कारणे साधी आहेत. एन्व्हलप फिल्टर जोरातील फरकावर चालतो. त्याआधी कॉम्प्रेसर लावला तर तो फरकच सपाट होतो, म्हणून कॉम्प्रेसर फिल्टरनंतर. तिथे तो क्यूमुळे उसळणारे स्वर आवरायचेही काम करतो. ऑक्टेव्ह पेडलला स्वर ओळखण्यासाठी स्वच्छ सिग्नल लागतो, म्हणून ते सर्वांत आधी. खालच्या सप्तकाचा जोडस्वर फिल्टरमधून गेला की आवाज थेट सिंथेसायझरच्या वळणावर जातो. खरी ओढाताण फझची. फझ आधी लावला तर फिल्टरला उपस्वरांची मेजवानी मिळते, पण फझ जोर सपाट करत असल्याने फिल्टर एकदा उघडला की उघडाच राहतो. फझ नंतर लावला तर फिल्टरचे हलणे टिकते, पण आवाजाला तो भरीवपणा येत नाही. क्यू-ट्रॉन प्लसमध्ये यावर तोडगा आहे: त्यातल्या इफेक्ट्स लूपमध्ये फझ जोडला की फिल्टर हलवणारा जोर स्वच्छ बासचा राहतो आणि फिल्टर होणारा आवाज फझचा असतो. अशी सोय नसेल तर फझ आधी ठेवून फिल्टर पायाने किंवा एलएफओने हलवावा.

एलएफओची गती गाण्याच्या लयीशी बांधलेली असावी. १०० बीपीएमला एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. अर्ध्या ठोक्याला ३००, पाव ठोक्याला १५०. एका पूर्ण हेलकाव्याला दोन किंवा चार ठोके दिले तर आवाज श्वास घेतल्यासारखा वाटतो. लयीपासून किंचित ढळलेला एलएफओ बासवर सहन होत नाही, कारण ऐकणारा ताल बासवरूनच धरत असतो. ड्रमर मेट्रोनोमशिवाय वाजवत असेल तर एलएफओची मॉडेल्स बाजूला ठेवून एन्व्हलप वापरणे शहाणपणाचे. सॅम्पल-अँड-होल्डचे तर एखाददुसऱ्या मात्रेपलीकडे काम नाही. मधल्या रिकाम्या जागेत तो चमकून जातो, पूर्ण गाणे त्याच्यावर तोलत नाही.

सिंथच्या मॉडेलांत पेडल फिल्टरच्या पुढे जाऊन मूळ स्वर ओळखते आणि त्यावर स्वतःचा आवाज चढवते. इथे भौतिकशास्त्र आडवे येते. ४१ हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन पूर्ण व्हायलाच सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. त्याआधी पेडलला स्वर कोणता हे खात्रीने कळू शकत नाही. म्हणून खालच्या स्वरांवर सिंथ मागे रेंगाळतो किंवा भलताच स्वर काढतो. तीच चाल एक सप्तक वर वाजवली तर आवर्तन १२ मिलिसेकंदांचे होते आणि मागाहून ऑक्टेव्ह खाली घेता येतो. एका वेळी एकच स्वर, शेजारच्या तारा हाताने दाबलेल्या आणि गळ्याकडचा पिकअप, ही पथ्ये पाळली तर ओळख बरीच सुधारते. अशा आवाजाचे लक्ष्य काय असावे हे समजण्यासाठी पार्लमेंटचे १९७७ चे ‘फ्लॅश लाइट’ ऐकावे. त्यातला बास गिटारवर नाही, बर्नी वॉरेल यांनी मिनीमूगवर वाजवलेला आहे. स्वर कुठे तोडले आहेत याकडे लक्ष दिले तर आवाजापेक्षा त्या तोडण्यानेच ती चाल उभी राहिली आहे हे कळते.

यातून बोटांकडे वळावेच लागते. एन्व्हलप फिल्टर पुन्हा उघडण्यासाठी आधी मिटावा लागतो आणि मिटण्यासाठी त्याला शांतता हवी. स्वर एकमेकांना चिकटवून वाजवले तर पहिल्या स्वरावर उघडलेला फिल्टर तसाच लटकून राहतो. डाव्या हाताची पकड क्षणभर सैल करून प्रत्येक स्वर तोडावा. डिके किंवा स्पीडचा नॉब असेल तर तो चालीच्या वेगाला जुळवून घ्यावा: जलद चालीला जलद मिटणारा. मुक्या आघातांनीही फिल्टर हलतो, त्यामुळे सोळा भागांच्या चालीत घोस्ट नोट्सचा जोर मुद्दाम कमी राखणे हा वेगळा रियाजच आहे. स्लॅपमध्ये अंगठ्याचा आणि पॉपचा जोर इतका वेगळा असतो की सेन्सिटिव्हिटी पॉपवर लावली तर अंगठा मुका आणि अंगठ्यावर लावली तर पॉप कर्कश. तडजोड अंगठ्याच्या बाजूने करावी.

बँडमध्ये वाजवताना आधी आवाजाची पातळी तपासावी. पेडल चालू आणि बंद करून दोन्हीकडे ड्रमसोबत तीच चाल वाजवावी. कानाला चालू केलेला आवाज मोठा वाटतो, कारण क्यूमुळे मधला पट्टा पुढे येतो. खर्ज प्रत्यक्षात कमी झालेला असू शकतो. गिटारवादक वा-वा वापरत असेल किंवा कीबोर्डवर क्लॅव्हिनेटचा आवाज असेल तर तिघेही ३०० ते १,२०० हर्ट्झच्या एकाच गल्लीत गर्दी करतात. तिथे बासच्या फिल्टरची झेप आखूड ठेवावी, नाहीतर त्या भागापुरते पेडल बंद करावे. एक्स्प्रेशन पेडल जोडता येत असेल तर टाचेकडे जवळजवळ कोरा आवाज आणि पायाच्या अंगठ्याकडे पूर्ण फिल्टर, अशी मांडणी साठवावी. एफएम४ मध्ये टाच आणि अंगठा यांच्यासाठी सगळ्या नॉबच्या दोन वेगळ्या किमती ठेवता येतात आणि पेडल त्यांच्यामधून सरकते. अशा वेळी फिल्टर एकदम सुरू न होता चालीत मुरत जातो.

विजेबाबत सावध राहावे. बहुतेक पेडल ९ व्होल्ट डीसीवर चालतात, पण एफएम४ सारखी काही जुनी पेडल ९ व्होल्ट एसी मागतात आणि सामायिक डीसी पुरवठ्यावर चालत नाहीत. परदेशातून किंवा जुन्या बाजारातून घेतलेल्या पेडलसोबत १२० व्होल्टचा अमेरिकी अडॅप्टर येऊ शकतो. तो भारतातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर जळतो आणि सोबत पेडललाही नेऊ शकतो. व्होल्टेज, एसी की डीसी आणि किती मिलिॲम्पिअर, या तिन्ही गोष्टी पेडलच्या पाठीवरून वाचूनच नवा अडॅप्टर घ्यावा. डिजिटल पेडलला विद्युतप्रवाह जास्त लागतो आणि तो अपुरा पडला तर पेडल बंद न होता किरकिर करते. पुष्कळदा लोक ती खोड पेडलचीच समजतात.

ध्वनिमुद्रणात फिल्टरचा आवाज एकटाच टिपू नये. पेडलच्या आधी डीआय बॉक्स लावून कोरा बास वेगळ्या ट्रॅकवर घ्यावा. नंतर फिल्टरच्या ट्रॅकवरचे ८० ते १०० हर्ट्झखालचे कापून खर्ज कोऱ्या ट्रॅकवरून द्यावा आणि दोन्ही ट्रॅक जवळ मोठे करून पहिल्या आघाताच्या लाटा जुळतात का ते पाहावे. डिजिटल पेडलचा ट्रॅक मागे दिसला तर तो तेवढाच पुढे सरकवावा. मांडणी फसली असेल तर कोरा ट्रॅक री-ॲम्प बॉक्समधून पुन्हा पेडलमध्ये सोडता येतो आणि वादन पुन्हा न करता सेन्सिटिव्हिटी नव्याने लावता येते. मात्र मूळ वादनात स्वर तोडलेले नसतील, तर ते या उपायाने तुटत नाहीत.